पितृपक्षात घेतलेला बेसचा ॲम्प्लिफायर

दिनांक २१ सप्टेंबर १९९७, रविवार. रक्कम रुपये तीन हजार, अनामत म्हणून. स्थळ नागपूर, सीताबर्डीतलं एक वाद्यांचं दुकान. हजर तिघे: मी, दुकानदार आणि आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक. मालकांना सगळे मास्तर म्हणत, कारण दिवसा ते वर्ध्याच्या एका शाळेत गाणं शिकवत.

मी तेव्हा कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहीत होतो आणि महिन्यातून चार-पाच वेळा मास्तरांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत होतो. एका कार्यक्रमाचे अडीचशे मिळत. पैशापेक्षा मला तिथली जागा हवी होती. बेस वाजवणारा माणूस स्टेजवर मागे, ढोलकवाल्याच्या बाजूला उभा असतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाही आणि अख्खं गाणं त्याच्या बोटांवर चाललेलं असतं. असं मी बारा वर्षं समजत आलो होतो.

त्या वर्षीच्या गणपतीत मास्तरांनी मला बाजूला घेतलं.

"भाऊ, खरं सांगजा. तुमचा बेस कोनाले ऐकू आला? मले तं नाई आला. मी बाजूले उभा होतो."

"साउंडवाल्यानं दाबून ठेवला होता."

"तो दर सालीच दाबून ठेवते. तिकडे ट्रम्पेट, ऑक्टोपॅड, इकडे भोंगे. तुमचा आवाज जाते कुठं? भाच्यानं नवा कीबोर्ड घेतला. त्याच्या डाव्या हातात बेस हाय. त्या हाताले वेगळे पैसे नाई द्यावे लागत."

मग त्यांनी अट घातली. नवरात्रातला पहिला कार्यक्रम हिंगणीला होता. तिथे बेस शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला तर मी ऑर्केस्ट्रात. नाही तर भाच्याचा डावा हात. सामान माझं मी आणायचं.

मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की मास्तरांनी ठरवलेलं होतंच, फक्त माझ्या तोंडून नाही म्हणवून घ्यायचं होतं. मी नाही म्हटलं नाही.

खरेदीसाठी मी मुद्दाम पितृपक्ष निवडला. त्या पंधरवड्यात नवी वस्तू कोणी घेत नाही, म्हणजे दुकानं रिकामी, म्हणजे भाव माझ्या हातात. बायकोला हे पटलं नव्हतं. "पितरांत आनलेलं टिकत नाई," ती म्हणाली. मी म्हटलं, लोखंडाला आणि तांब्याला तिथी कळत नाही.

दुकानात ॲम्प्लिफायर म्हणून पहिली वस्तू दाखवली ती टिफिनच्या डब्याएवढी. तिच्यावर लिहिलं होतं एक हजार वॅट. मी हसलो. मग दुकानदाराने आतून दुसरी आणली: काळी, वजनदार, पुढे पाच बटणं, मागे स्पीकरच्या वायरी जोडायच्या खिळ्या. वर चारशे वॅट.

"चारशे कोणी लिहिलं?" मी विचारलं.

"कंपनीनं, साहेब."

"कंपनी कुठं हाय?"

त्याने नकळत आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथून सोल्डरिंगचा वास येत होता. मास्तरांनी पान दुसऱ्या गालात सरकवलं आणि छताकडे पाहिलं.

किंमत साडेआठ हजार सांगितली. मी म्हटलं, जाकडवर द्या, आठ दिवस. पसंत पडलं तर भाव ठरवू, नाही तर परत. कापडवाले देतात तसं. एरवी त्याने दिलं नसतं, पण सकाळपासून त्याच्याकडे आम्हीच पहिले होतो. तीन हजार अनामत घेऊन त्याने चिठ्ठी लिहिली. त्याशिवाय पंधरा इंचाचे दोन स्पीकर रोखीने घेतले, दोन हजार नऊशेला. त्याला खरं तर बारा इंचाचे चार द्यायचे होते, त्यात त्याचा फायदा जास्त दिसत होता. मी दोन्ही स्पीकर शेजारच्या किराणा दुकानात नेऊन तोलले. एक सहा किलो दोनशे, दुसरा पाच किलो नऊशे. एकाच नावाचे, एकाच किमतीचे, आणि तीनशे ग्रॅमचा फरक. दुकानदार म्हणाला, एवढा फरक पडतोच. मी वहीत लिहून ठेवलं.

स्पीकर बसवायच्या दोन लाकडी डब्यांचं, म्हणजे कॅबिनेटांचं, काम मी आधीच सेलूच्या एका सुताराला दिलं होतं. हे मिस्त्री कपाटं आणि दिवाण करत, मंडपवाल्यांचे डबेही करत. प्लाय मी स्वतः आणून दिला, एकोणीस मिलिमीटरचा, सोळाशे ऐंशी रुपयांचा. मजुरी दोन्हींची मिळून चौदाशे ठरली. नऊशे आधी दिले, पाचशे आवाज तपासल्यावर. मिस्त्रींना ही अट आवडली नाही.

"कपाट केल्यावर कपडे ठेवून पाहासान अन् मंग पैसे देसान का?" ते म्हणाले. पण तयार झाले.

स्पीकर त्यांनी बसवले, वायरी मात्र मी जोडल्या. रेडिओ मेकॅनिक पन्नास रुपये मागत होता आणि आतला चांगला भाग काढून घेतो अशी त्याची ख्याती होती. पहिल्या कॅबिनेटमध्ये स्पीकरच्या दोन टोकांपैकी लाल ठिपक्याचं टोक उजवीकडे होतं. मी वहीत लिहिलं: उजवं टोक, लाल, गाठ मारलेली वायर. नंतर दुसरं कॅबिनेट जोडलं.

पुढचा प्रश्न चारशे वॅटचा होता. मी एवढाच विचार केला, की जी वीज घरात आली नाही ती डब्यातून बाहेर पडू शकत नाही. आमच्या मीटरवर लिहिलेलं होतं, एका युनिटला सहाशे फेऱ्या. शुक्रवारी कामावरून लवकर आलो, घरातला पंखा, दिवे, रेडिओ सगळं बंद केलं. हॉल लहान म्हणून एका वेळी एकच कॅबिनेट लावलं. ॲम्प्लिफायरच्या मागे एका कॅबिनेटची खिळी वेगळी आणि दोघांची वेगळी होती, आणि ताकद दोन्हीकडे सारखीच मिळते असं दुकानदारानेच सांगितलं होतं. बायकोला मनगटी घड्याळ देऊन मीटरखाली उभं केलं आणि मी सगळ्यात जाडी तार वाजवत राहिलो.

"झाल्या का दहा?"

"आठ झाल्या. तुमी मधातच थांबून राह्यले, मंग चकती बी हळू फिरते. वाजवा ना नीट!"

भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "वहिनी, भाऊले बरं नाई का? माह्ये भांडे फळीवरून सरकून राह्यले!"

"हिशेब चालू हाय!" बायकोने उत्तर दिलं.

दहा फेऱ्यांना चार मिनिटं दहा सेकंद लागले. म्हणजे दोनशे चाळीस वॅट, तेही आत जाणारे. त्यातले बरेच उष्णतेत जातात, वरच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. बाहेर फार तर दीडशे. दुसरं कॅबिनेट लावून पुन्हा मोजलं, आकडा तोच. आवाज मात्र दोन्हींचा चांगला होता. पोटात लागत होता. हे मी लपवत नाही.

शनिवारी मी तो कागद घेऊन नागपूरला गेलो. दुकानदाराने तो दोनदा वाचला.

"साहेब, तुमी बिजलीच्या ऑफिसात हा का?"

"नाई. जिनिंगमधे हिशेब लिहितो."

"तरीच." त्याने चष्मा काढला. "चारशे नाई तं नाई. पन आवाज?"

"आवाज बरा हाय."

"मंग झगडा कायचा?"

"झगडा नाई. दीडशे वॅटचा भाव लावा."

सहा हजार नऊशेला सौदा झाला. अनामत वजा करून उरलेले तीन हजार नऊशे दिले. परतीच्या गाडीत मी सोळाशे रुपये वाचवल्याच्या आनंदात होतो.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये तालीम. दोन्ही कॅबिनेटं पहिल्यांदाच एकत्र लावली, शेजारी शेजारी. मी तार छेडली आणि आवाज आलाच नाही. म्हणजे आला, पण पत्र्याच्या डब्यात चिंचोका टाकून हलवावा तसा. वरचा टकटक आवाज होता, खालचं पोट गायब. आवाज वाढवला तर टकटक वाढली. भाचा कीबोर्डवर डाव्या हाताने तोच सूर वाजवू लागला, आणि तो स्वच्छ ऐकू येत होता.

"हेच का ते दोनशे चाळीस वॅट?" मास्तर म्हणाले. "भाऊ, मी पितरांत काई बोललो नाई. तुमी ऐकलं नसतं."

मी एक कॅबिनेट काढलं. आवाज परत आला. मग राहिलेलं काढून आधीचं लावलं. हाही चांगला. दोन्ही लावली की मेला. अशा वेळी माणूस आधीपासून ज्याच्यावर संशय असतो त्याच्याकडेच जातो. माझ्या डोक्यात तीनशे ग्रॅम होते, आणि मिस्त्रींचं अटीवर कुरकुरणं होतं. मी ठरवलं, की दुसऱ्या कॅबिनेटला आतून हलका प्लाय लावला असणार. माझा प्लाय कुठल्या तरी दिवाणात गेला असणार. दोघांची ताकद जुळत नाही, म्हणून एक दुसऱ्याला खातो. हे सगळं मला अगदी पटलं.

मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, टेम्पो केला आणि दोन्ही कॅबिनेटं सेलूला नेली. मास्तरांना साक्षीदार म्हणून सोबत घेतलं. ते खुशीने आले, आणि ती खुशी मला आवडली नाही.

मिस्त्री रंधा मारत होते. मी नमस्कार न करताच विचारलं.

"मिस्त्री, दुसऱ्या डब्यात काय लावलं?"

"जे तुमी आनून देल्लं तेच. काऊन?"

"दोन्ही मिळून आवाज येत नाई."

"एकट्याचा येते?"

"एकट्याचा येते."

मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. "मंग माह्यं काम एकटं असलं तं खरं, अन् जोडीनं बसलं का खोटं? असं कोनतं लाकूड असते भाऊ?"

मास्तर हसले. मी म्हटलं, उघडून दाखवा. मिस्त्रींनी दोन्हींच्या मागच्या फळ्यांचे स्क्रू काढले. एकेका फळीला सोळा. मी पट्टी लावली. सगळीकडे एकोणीस मिलिमीटर. कडेवर माझ्याच पेन्सिलीची खूण होती, जी मी प्लाय देताना मुद्दाम केली होती आणि त्यांना सांगितली नव्हती. मी सगळ्या कडा दोनदा मोजल्या, कारण मान वर करायची नव्हती.

तेव्हा मला स्पीकर दिसले. पहिल्याची टोकं उजव्या बाजूला वळलेली, दुसऱ्याची डाव्या बाजूला.

"हे असं उलटं काऊन बसवलं?" मी विचारलं.

"उलटं कुठं? जोडी हाय ना. कपाटाचे दोन पल्ले कसे असते? एक डावा, एक उजवा, एकमेकाकडे तोंड करून. जोडी करतो तं मी तशीच करतो."

स्पीकर फिरलेला, म्हणजे लाल ठिपकाही फिरलेला. दुसऱ्या कॅबिनेटमध्ये तो डावीकडे होता, स्वच्छ दिसत होता. मी तो पाहिलाच नव्हता. वहीत उजवं लिहिलं होतं म्हणून उजवं जोडलं होतं.

मी मिस्त्रींकडे टॉर्चमधला सेल मागितला आणि एकेका वायरीला लावून पाहिला. पहिल्या स्पीकरचा कागद टप्प करून बाहेर आला. दुसऱ्याचा टप्प करून आत गेला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. एक हवा ढकलत होता आणि दुसरा तीच हवा ओढून घेत होता.

मिस्त्री वाकून पाहत होते. "हा म्हनते या, अन् हा म्हनते जा," ते म्हणाले. मग सरळ उभे राहून त्यांनी विचारलं, "वायरी कोनं जोडल्या?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी," मी म्हटलं.

दोन वायरींची अदलाबदल करायला पाच मिनिटं लागली. फळ्या परत लावायला मिस्त्रींना अर्धा तास लागला. मास्तर बाहेर टेम्पोवाल्याला काहीतरी सांगत होते आणि तो हसत होता. मी माफी मागायला हवी होती. मी फक्त म्हटलं, प्लाय बरोबर आहे. मिस्त्री म्हणाले, "मले मालूम हाय."

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला हिंगणीचा कार्यक्रम झाला. दोन्ही कॅबिनेटं स्टेजवर माझ्या मागे, एकावर एक. पहिल्याच गाण्याला लोखंडी खुर्च्यांचे ढिले नट वाजू लागले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मांडीवरच्या प्रसादाच्या ताटलीवर हात दाबून धरला. मास्तर गाणं चालू असताना खाली उतरले, मंडपाच्या शेवटापर्यंत चालत गेले, तिथे उभे राहिले आणि परत आले. भाच्याच्या कानाशी वाकले. पुढच्या गाण्यापासून भाच्याचा डावा हात मांडीवर होता.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी अडीचशे दिले. मी मोजले, त्यांच्या समोरच. पुढची नऊ वर्षं मी त्या ऑर्केस्ट्रात होतो, आणि त्या नऊ वर्षांत मास्तरांनी एकदाही म्हटलं नाही की बेस चांगला वाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटरने सेलूला गेलो. मिस्त्री कोणाच्या तरी दिवाणाला पॉलिश लावत होते. मी पाचशे पुढे केले.

"उघडायचे अन् लावायचे चाळीस रुपये येगळे," ते मागे न पाहता म्हणाले. "ते माह्या कामात नव्हते. तुमच्या संशयाचे हाय."

मी चाळीस काढले.

"पावती पायजे का? नाई तं उद्या म्हनसान, देल्लेच नाई."

मी पावती घेतली. दिनांक ५ ऑक्टोबर १९९७, रुपये पाचशे चाळीस फक्त, रोख, सेलूच्या मिस्त्रींना.