गुलाबी कोणतं?

चामोर्शी तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत मी कॉम्प्युटर चालवतो. दाखले काढायचे, लोकांचे फॉर्म भरायचे, हेच काम. एका पावसाळ्यात नाल्याचं पाणी ऑफिसात शिरलं. संध्याकाळी घाईघाईत सगळ्या वायरी उपटून मी सीपीयू कपाटावर चढवला. सकाळी पाणी ओसरलं, पण पूल अजून बुडालेलाच होता आणि मोबाइलला रेंज नव्हती. पंचायतीतलं तारेचं इंटरनेट तेवढं चालू होतं.

मी फरशीवरचा गाळ ओढत होतो, तेवढ्यात आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर आत आल्या. मागं वरच्या टोल्यावरच्या वस्तीतली एक गोंड बाई, तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर. पोर श्वास ओढायचं तेव्हा करवत चालावी तसा आवाज यायचा आणि गळ्याखाली खड्डा पडायचा.

"भाऊ, चंद्रपूरच्या डॉक्टरले व्हिडिओवर लावून दे. लवकर!"

सीपीयू उतरवून टेबलाखाली ठेवला, पडद्याची आणि नेटची वायर जोडली, वीज नव्हती म्हणून इन्व्हर्टरवर चालू केला. डॉक्टर पडद्यावर आले. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नाही. मग त्यांनी टाइप केलं, 'मला ऐकू येत नाही. बाळाचा श्वास ऐकायचा आहे. माइक तोंडाजवळ धरा.'

स्पीकरची आणि माइकची वायर तशीच लोंबत होती. दोन्हीच्या पिना काळ्या, सारख्याच. मी मोबाइलचा टॉर्च लावून टेबलाखाली शिरलो. सीपीयूच्या मागं एकाखाली एक तीन भोकं होती. आजवर त्यांना हात लावायची वेळच आली नव्हती. तालुक्याचा माणूस येऊन सगळं जोडून गेला होता.

"माइक गुलाबीत टाक, स्पीकर हिरव्यात," सिस्टर वरून म्हणाल्या. "माह्या घरच्या कॉम्प्युटरले तसंच हाय."

वरचं भोक निळं होतं, ते मला दिसलं. खालची दोन्ही मला सारखीच दिसत होती, राखेसारखी. डोळे चोळले, टॉर्च जवळ नेला. तरी तेच.

"सिस्टर, गुलाबी मधलं की खालचं?"

"आता मी तिथी कशी येऊ? पोराले सोडता येते काय? दिसून नाई राह्यलं का तुले?"

पोराला ढास लागली. कुत्र्याच्या पिल्लानं भुंकावं तसा खोकला. आई गोंडीत काहीतरी पुटपुटत त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. लहानपणापासून रंगांत माझी गफलत व्हायची. मला वाटायचं, माझं लक्षच नसतं. आता तर सगळं लक्ष त्या दोन भोकांवर होतं.

अंदाजानं स्पीकरची पिन खालच्या भोकात खुपसली, माइकची मधल्या. पडद्यावर डॉक्टर मान हलवत होते. नाही. तेवढ्यात बॅटरी उतरली म्हणून इन्व्हर्टर कुईकुई करू लागला.

"भाऊ, पोराचे ओठ काळे पडून राह्यले!"

दोन्ही पिना ओढून काढल्या आणि क्षणभर डोळे मिटले. रंग राहू दे. आवाज बाहेर येतो तो एकाच भोकातून, आणि ते निळं नाही, खालचंही नाही. मग स्पीकरची पिन मधल्यात घातली. खरखर झाली आणि डॉक्टरांचा आवाज खोलीभर घुमला, "हॅलो, हॅलो, सिस्टर?"

म्हणजे माइकचं ते उरलेलं खालचं. पिन आत दाबली आणि माइक वर दिला.

"आता ऐकू येतंय," पडद्यावरून डॉक्टर म्हणाले. "कुणी बोलू नका."

मी टेबलाखाली तसाच बसून राहिलो. ती करवत ऐकू येत होती आणि इन्व्हर्टरची कुईकुई.

"हा आवाज छातीतला नाही, घशातला आहे," डॉक्टर म्हणाले. "त्याला रडवू नका, आडवं करू नका. आईच्या मांडीवर बसलेलंच राहू द्या." मग त्यांनी सिस्टरना औषध सांगितलं, किती द्यायचं ते सांगितलं. सिस्टरनी ते परत म्हणून दाखवलं आणि पडदा काळा झाला.

औषध सिस्टरच्या पिशवीत होतं. ते दिल्यावर आम्ही बसून राहिलो. बऱ्याच वेळानं करवत मंद झाली आणि पोरानं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. दुपारी डोंग्यातून दोघांना नाल्यापलीकडं नेलं. तिथं अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती. पुढं पोर बरं होऊन घरी आलं.

डोंगा गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, "तुले रंग दिसत नाई काय, भाऊ?"

"निळा दिसते."

त्या हसल्या नाहीत. "एकदा डोळे दाखवून ये," एवढंच म्हणाल्या.

पूर ओसरल्यावर मी चंद्रपूरला गेलो. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेली चित्रं दाखवली. बहुतेकांत मला आकडा दिसलाच नाही. जन्मापासूनचं आहे, याला औषध नाही, असं ते म्हणाले. घरी येऊन आईला सांगितलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. तिचा हात थांबला.

"लाल मिरच्या तोडून आण म्हटलं का, तू हिरव्या आणत होता," ती म्हणाली, "अन् मी तुले मारत होती."

मग ती उठून आत गेली. सूप तिथंच राहिलं.