साळवे काकांची ऐंशी ग्रॅमची गोळी

साळवे काका आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आले ते भांडायला. उस्मानपुऱ्यात पहिल्या मजल्यावर आमचं तीन खुर्च्यांचं ऑफिस आणि बरोबर खाली काकांचं घर. आम्ही मोबाइलवरचा पिनबॉल बनवायचो. उतरतं टेबल, त्यावर धावणारी पोलादी गोळी आणि ती खालच्या खड्ड्यात जाऊ नये म्हणून तिला वर फटकावणारे दोन फ्लिपर, एवढाच खेळ. त्या दुपारी आवृत्ती दोनची तपासणी चालू होती आणि स्पीकर मोठा होता. दार उघडून लुंगी-बनियनमधला एक सहा फुटी माणूस (रागात असल्यामुळे सात फुटी) आत आला आणि गरजला,

“आवाज ऐंशी ग्रॅमच्या गोळीचा, अन् उड्या कापसाच्या! कुणाला फसवताय?”

आमचे मालक मोहसीनभाई खुर्चीतून उठले. “माफ करो काका, आवाज कम करते.”

“आवाज ऱ्हाऊ द्या हो. गोळी नीट करा.”

वाळूजच्या एका कारखान्यात काकांनी आयुष्यभर बेअरिंगच्या पोलादी गोळ्या तपासल्या होत्या, त्याही कानांनी. चौकात उभं राहून ते धावत्या रिक्षावाल्याला ओरडून सांगायचे, “पुढचं चाक, आतली बाजू, एक गोळी झिजलीय!” हे मी पाहिलेलं नाही, पण खुद्द काकांनी सांगितलंय, म्हणजे पुराव्याचा प्रश्नच मिटला. खिशात कायम एक पोलादी गोळी. कुठंही बसण्याआधी ती टेबलावर सोडून बघायची. आमच्या टेबलावर सोडली तर ती तडक खिडकीकडे निघाली. “तुमचं ऑफिस पैठणकडं झुकलंय,” काकांनी निकाल दिला. तेव्हापासून मोहसीनभाई पलीकडच्या खुर्चीत बसतात. वजनदार माणूस आहे, इमारत आजवर उभी आहे.

त्या दिवशी मी काकांच्या फोनमध्ये आमची जुनी आवृत्ती एक टाकून दिली. दोन गोळ्या खेळले आणि चेहरा असा उजळला की काय सांगावं! “ही खरी! हिला जीव हाय, इंजिनियर.” मग दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून तुलना सुरू झाली. काका वहीत लिहीत: ‘एक: टेबल गरीब, गोळी इमानदार. दोन: टेबल श्रीमंत, गोळी बदमाश.’ आवृत्ती दोनचं टेबल खरोखर देखणं होतं, सोनेरी नक्षी, मोर, झगमगाट. काका म्हणाले, “पैठणी लई भारी हाय, पर नेसवलीय फुग्याला. अन् हे फ्लिपर! गोळी त्यांना चिकटून बसती, जावई सासुरवाडीत बसतो तशी.”

आम्ही ऐकलं नाही. आवृत्ती दोन बाजारात सोडली, आणि खेळणारे असे पळाले की त्यांच्या चपला सापडल्या नाहीत. मोहसीनभाईंनी मला समोर बसवलं. “आवृत्ती तीन में पुरानी गोळी वापस लाव भाई. नहीं तो ऑफिस बंद करके मैं घर, तू भी घर.”

पण जुनी गोळी आणायची कुठून? तिचा वेग, उतार, रबराची उसळी हे सगळे आकडे आणि तो जुना गेम ज्या लॅपटॉपमध्ये होता, तो मधल्या काळात एक कप चहा पिऊन वारला होता. आवृत्ती एक आता उभ्या शहरात एकाच ठिकाणी जिवंत होती, काकांच्या फोनमध्ये. त्यांनी तो कधी इंटरनेटला जोडलाच नव्हता. “येडं वारं लागतं फोनला,” म्हणायचे.

मी फोन मागून आणला. पडद्याचं चित्रीकरण करायचं आणि त्यावरून गोळीची चाल मोजायची, असा माझा बेत. त्यासाठी एक अ‍ॅप हवं होतं. मी, इंजिनियर, शहाण्यासारखा फोन ऑफिसच्या वायफायला जोडला. अ‍ॅप उतरलं. त्याच्या मागोमाग आमचा गेमही आपणहून अपडेट झाला. उघडून बघतो तो सोनेरी मोर नाचतोय! जगातली शेवटची इमानदार गोळी मी माझ्या हातानं मारली होती.

खाली जाताना तो अठरा पायऱ्यांचा जिना मला दौलताबादच्या किल्ल्याएवढा लागला. काकांनी फोन घेतला, एक गोळी खेळले आणि फोन उशीखाली ठेवून दिला. मी उभ्या उभ्या विरघळत होतो.

“काका, ओरडा तरी.”

“ओरडून गोळी येती व्हय?” ते उठले आणि बनियनवर शर्ट चढवला. “ती फोनमधी नव्हतीच, इंजिनियर. हितं हाय.” त्यांनी कानाला बोट लावलं. “चला वर.”

नऊ दिवस काका पूर्वी कारखान्यात जायचे त्या वेळेला वर येत, डबा घेऊन. माझ्याकडे पाठ, डोळे मिटलेले. मी एक आकडा बदलायचा, गोळी सोडायची, ते ऐकायचे.

“उतार झोपलाय, उठवा त्याला.”

मी उतार वाढवला.

“आता रबर रागावलंय. जरा समजूत काढा.”

मी उसळी कमी केली.

“दोन टप्प्यांमधलं अंतर बगा की. गोळी पडली की पुन्हा उडायच्या आधी जरा इचार करती. पोलाद इचार करतं. कापूस नाय करत.”

नवव्या दिवशी मात्र त्यांनी माझ्याकडे वळून डोळे उघडले. म्हणाले, “आता मला बी कळंना. लई ऐकलं, कान भरलं.” डबा उचलून खाली गेले. मोहसीनभाईंनी डोकं धरलं. “अब क्या करें रे?”

मला पहिला दिवस आठवला. दुसऱ्या दुपारी काकांना न सांगता मी शेवटचे आकडे घातले, स्पीकर जिन्यात ठेवला, दार सताड उघडलं आणि गोळी सोडली. गोळी चुकीची असली तर काका गर्जत वर येणार, हे ठरलेलं. आम्ही चहा मागवला. चहा आला, अर्धा झाला. आणि जिन्यात पावलं वाजली!

काका दारात. गुडघ्यांना धूळ, केसांत जळमट, एक हात खिशात.

“इंजिनियर, माजी गोळी वर आलीय का हो? पडल्याचा आवाज आला. खाटेखाली शोधून आलो, सापडंना.”

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी सावकाश खिशातून हात काढला. त्यांची पोलादी गोळी त्यांच्या मुठीतच होती.

काका खरंच फसले होते की आमची गंमत करत होते, ते त्यांनी कधीच कबूल केलं नाही. वहीत मात्र लिहिलं: ‘तीन: टेबल श्रीमंत, गोळी इमानदार.’ आवृत्ती तीन निघाली आणि पळालेले सगळे खेळाडू चपलांसकट परत आले. ऑफिस वाचलं. काका जिन्यात भेटेल त्याला सांगत, “वरच्या गेममधी माजी गोळी हाय.” मग आवृत्ती चार त्यांनी खाटेवर पडल्या पडल्या पास केली, बोट हलवून.

काका गेले त्याला आता दोन वर्षं झाली. त्यांची गोळी माझ्या टेबलावर असते, सोडली की आजही पैठणकडे निघते. नवी आवृत्ती बाहेर सोडण्याआधी आम्ही स्पीकर जिन्यात ठेवतो, दार उघडतो आणि चहा मागवतो. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांकडे तपासणीची महागडी यंत्रं असतील. असा जिना कुणाकडे नाही. चहा संपेपर्यंत मोहसीनभाई पायऱ्यांकडे कान लावून बसतात. मग कप खाली ठेवतात आणि हळूच म्हणतात,

“नहीं आए काका. पास.”