भट्टीवाल्याचा होकार

भट्टीवाल्याचं घराबाहेर पडणं म्हणजे एक सोहळाच असायचा. चपला पायात सरकवल्या की स्वारी परत स्वयंपाकघरात. गॅसच्या कॉकवर हात ठेवून मोठ्याने म्हणायचा, "बंद आहे." दारापर्यंत जायचा आणि पुन्हा मागे, पुन्हा तेच. बायको कपाळाला हात लावायची. चिमुरडी लेक मात्र त्याच्या मागोमाग जाऊन, टाचा उंचावून, कॉकला हात लावून त्याची नक्कल करायची.

बेकरीतूनही तो असाच निघायचा, भट्टीचा कॉक दोनदा चाचपून. ती बेकरी एका पहाटे जळाली आणि आत झोपलेला रखवालदार त्यात गेला. कॉक उघडा सापडला. आदल्याच दिवशी सुट्टीवरून मालकाशी याची खडाजंगी झालेली. कोर्टाला तेवढं पुरलं. थंडी वाजली म्हणून रखवालदारानेच भट्टी पुन्हा पेटवली असेल, असं याचा वकील घसा फोडून सांगत होता, पण मेलेल्या माणसाला विचारणार कोण? भट्टीवाला आत गेला आणि संसाराचे तीन तेरा वाजले.

तेव्हा पहिलीत असलेली लेक आता कॉलेजात गेली. शाळेत कुणी "आगलाव्याची पोर" म्हटलं की ती हातघाईवर यायची. "माझे बाबा कॉक दोनदा बघतात," एवढं एकच तिचं उत्तर. त्यापायी तिने कितीतरी मैत्रिणी तोडल्या.

मुदतीआधी सुटकेचा अर्ज तुरुंगाच्या समितीने दोनदा नाकारला. "समितीला पश्चात्ताप हवाय," वकील वैतागून बायकोला म्हणाला. "आणि तुमचे हे म्हणतात, मी केलंच नाही. मग गाडी पुढे सरकणार कशी?" काय न्याय आहे बघा! खऱ्या आगलाव्याने चार आसवं गाळली असती, तर तो केव्हाच घरी येऊन गरम गरम जेवत बसला असता.

तुरुंगातल्या पुढच्या भेटीत बायकोने जाळीला तोंड लावलं. नवरा खोकून खोकून अर्धा झाला होता. "अहो, एकदा हो म्हणा ना. किती दिवस असे काढायचे?"

"आणि पोरीला काय सांगू?"

"तिचं मी बघते. ती काय परकी आहे?"

पण घरी आल्यावर तिची जीभ रेटेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता सुनावणीचा दिवस उजाडला. समितीच्या खोलीत ती जाऊन बसली, तेवढ्यात लेक येऊन शेजारी टेकली. कॉलेज बुडवून आली होती. "बाबांना धीर येईल," ती म्हणाली. तिला बाहेर पाठवायला आईला काही निमित्त सुचेना, आणि दार लागलं.

भट्टीवाल्याने लेकीला पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. बायकोने होकाराची मान हलवली, इतकी हळू की तिचं तिलाच कळलं नाही.

"हो," तो म्हणाला. "कॉक मी उघडा ठेवला. मुद्दाम."

घरी येताना बायको सारखी बोलत होती. "अगं, सुटण्यासाठी म्हणाले ते. मीच गळ घातली होती."

"माहितीये मला, आई," लेक म्हणाली.

भट्टीवाला घरी आला. दर सोमवारी चौकीत हजेरी लावायची, ही अट होती. पहिल्या सोमवारी सकाळी त्याने चपला घातल्या, स्वयंपाकघरात जाऊन कॉकवर हात ठेवला आणि म्हणाला, "बंद आहे." बायकोला कित्येक वर्षांनी हसू आलं. तो दारापर्यंत गेला आणि सवयीप्रमाणे मागे वळला.

लेक गॅसपाशी उभी होती. तिचा हात कॉकवर होता आणि ती नक्कल करत नव्हती.

"बंद आहे ना गं?" त्याने विचारलं.

"आहे," ती म्हणाली. तिने मान वर केली नाही.