चाळीस लठ्ठ्यांची शर्यत

शाळा मी दुसरीतूनच सोडली, पण पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडात पक्के बसले होते. स्वातंत्र्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. गडचिरोलीच्या वाटेवर सागाचा एक डेपो होता, तिथे मी मोजणीदार. लठ्ठ्याचा, म्हणजे ओंडक्याचा, घेर घ्यायचा, त्याची पावकी, म्हणजे चौथा हिस्सा, काढायची, ती तिनेच गुणायची, मग लांबीने. झाले घनफूट. कागद मला लागत नव्हता, आणि मी कधी चुकलोही नाही. हे मी आजही सांगतो.

मग डेपोच्या साहेबाने नागपूरहून हँडल फिरवायची हिशोबाची मशीन आणवली, सोबत ती चालवणारा बाबू. ती किती झपाट्याने चालते हे साहेबाला बघायचं होतं, आणि बघणार कशाशी, तर माझ्याशी. चाळीस लठ्ठे. मापं मीच घेऊन लठ्ठ्याच्या क्रमांकासकट ओरडून सांगायची, घनफुटांची बेरीज दोघांनी करायची, घड्याळ साहेबाच्या हातात. मी हरलो तर मोजणी सुटली, उद्यापासून लठ्ठे ओढायचे, हे त्याने सगळ्या हमालांदेखत सांगून टाकलं.

मी टेप टाकत निघालो. शेवटचं माप सांगितलं आणि त्याच दमात बेरीजही. बाबू अजून हँडल फिरवत होता. त्याची बेरीज आली ती कमी. साहेब म्हणाला, मशीन चुकत नसते. मी त्याचा कागद मागितला. त्यावर एकोणचाळीसच मापं.

"पहिलं कुठी गेलं?"

"तुम्ही एक म्हटलंच नाही. लाभ म्हणालात," बाबू म्हणाला. "मला वाटलं, नुसता मुहूर्त करताय."

आमच्याकडे धान मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. एक म्हटलं की रास तिथेच आटते, असं मानतात. लठ्ठ्यांनाही माझ्या तोंडून तेच यायचं. साहेब हसला. दुसरे चाळीस घेऊन पुन्हा करा, म्हणाला, आणि आता सरळ एक म्हणा.

मी जिंकलो होतो. तेवढं बोलून थांबायचं होतं. पण ताठा आडवा आला.

"दहा खेपा करा ना साहेब, मले काय भेव हाये?"

एक म्हटलं. जीभ जड झाली. दुसऱ्या लठ्ठ्यापाशी वाटलं, पहिला धरलाच नाही. धरला होता? मागे वळून पाहिलं, पुढे चालत राहिलो, आणि सतराव्यापाशी बेरीज निसटली. आकडा आठवेना. मशीन मात्र खरखरत होती, आणि बाबूला मापं हवी होती. उरलेली तेवीस मापं मी ओरडून सांगितली, डोक्यात काही नसताना, त्याच्या मशीनसाठी.

"भाऊ, तुमची बेरीज?" बाबूने विचारलं. टिंगल नव्हती त्याच्या आवाजात, तेच जास्त लागलं.

"नाई आली."

साहेबाने घड्याळ खिशात टाकलं. एका हमालाने खाली मान घालून ओढायचा दोर पुढे केला. तो धरायला हात रिकामा हवा होता, आणि माझ्या मुठीतून टेप सुटत नव्हता.