दोन सुटतात, तिसरी अडकते

नीट चालणाऱ्या यंत्राबद्दल कुणी चार शब्द बोलत नाही. किस्से जमतात ते अडून बसणाऱ्या यंत्रांचे. परळला एका जुन्या इमारतीच्या तळघरात आमचा रायफल क्लब आहे. तिथल्या एकुलत्या एका सेमी-ऑटोमॅटिक रायफलने आम्हाला इतके किस्से दिलेत की नवा मेंबर आला की आधी नियम सांगायचे की हे, असा प्रश्न पडतो.

या रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा दांडा, एकदा ओढला की पुढच्या गोळ्या ती खालच्या डबीतून, मॅगझिनमधून, आपल्या आपण उचलते. म्हणजे उचलायला हव्यात. आमची दोन सोडायची आणि तिसरी तोंडाशी तिरकी धरून बसायची. मी लालबागचा डेंटिस्ट. "डॉक्टर, अडकलेलं काढायची तुम्हाला सवय आहे," असं म्हणून सेक्रेटरी सावंतांनी ती माझ्या गळ्यात मारली.

आम्हाला ही गंमत वाटायची. संध्याताई कांबळेंना वाटत नसे. शाळेतून निवृत्त झाल्यावर ताई क्लबात आल्या, नेमबाजीत रमल्या आणि मग त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. आता बोट चाप ओढतं, पण मनगटात बोल्ट ओढण्याइतका जोर नाही. साध्या रायफलला दर गोळीला बोल्ट ओढावा लागतो. इथे पहिल्यांदा कुणी ओढून दिला की पुढचं त्यांचं त्या बघतात. ही रायफल गेली की ताईंची नेमबाजी संपली.

*

पहिला संशय सफाईवर. रायफल उघडली तर आत काळा चिकट लगदा आणि वर खोबरेलाचा वास!

"तेल मीच घातलंय," सावंत म्हणाले. "गावच्या घाण्यावरचं. बाजारात मिळायचं नाही असलं."

"सावंत, ते केसांना लावतात."

त्यांनी शांतपणे टोपी काढली. खाली लखलखीत टक्कल.

"खंय लावू?"

*

वरच्या मजल्यावरच्यांनी आवाजाची तक्रार केली, म्हणून आमचा दिलीप खोत कमी आवाजाच्या गोळ्या घेऊन आला. आवाज कमी, तसा जोरही कमी. बोल्ट पुरता मागेच जाईना, मग पुढची गोळी उचलणार कोण? आधी तिसरी अडकायची, आता दुसरीच अडकायला लागली.

दिलीपचं म्हणणं एवढंच, "पण तक्रार बंद झाली ना?"

झाली होती. गोळीबारच बंद झाला होता.

*

त्यानंतर मी रायफल घासूनपुसून आरशासारखी केली, तरी तिचं रडगाणं चालूच. कधी अडकायची, कधी बिनबोभाट चालायची. वैताग आला होता.

एकदा ताई म्हणाल्या, "डॉक्टर, वर्गात गडबड झाली की मी आधी पोरांच्या जागा बदलायचे. मॅगझिन दोन आहेत ना? बदलून बघा."

बदललं. एकाबरोबर रायफल सुरळीत, दुसऱ्याबरोबर अडेल. दाढा बघायचा आरसा घालून पाहिलं, तर गोळी धरून ठेवणारी मॅगझिनची वरची कड वाकलेली होती. त्या कडांना आम्ही ओठ म्हणतो. ओठाला लागलं होतं आणि मी इतके दिवस दात घासत बसलो होतो. डेंटिस्ट असून.

*

वाकलेलं मॅगझिन बाद केलं. मग आली खंडेनवमी. क्लबात शस्त्रपूजा जोरात होते. ताई बौद्ध, त्या पूजेला नाही, नंतरच्या चहाला येतात. पुढच्या सरावाला ताईंची दुसरीच गोळी अडकली. मी मॅगझिन काढून टेबलावर उलटं आपटलं. चार-पाच दाणे तांदूळ बाहेर पडले, कुंकवासकट. सावंतांनी अक्षता अगदी मनापासून टाकल्या होत्या.

"सावंत, पुढच्या वर्षी तिला लांबूनच नमस्कार करा," ताई म्हणाल्या. "मी तेच करते."

*

शेवटी कमिटी कंटाळली. रायफल विकून टाकू, असं ठरत आलं. मी हट्टाने नवी स्प्रिंग बसवली आणि एक संधी मागितली. सावंतांनी अट घातली: कमिटीसमोर एका दमात दहा गोळ्या सुटल्या तर रायफल राहील, एक जरी अडकली तरी जाईल. मोजणार ते स्वतः. त्यांची सगळी नोकरी वजनमाप खात्यात गेलेली. हिंदमातेला साडी घ्यायला गेले तरी दुकानदाराचा मीटर आधी तपासतात. त्यांच्याकडून सूट मिळणं शक्य नव्हतं.

गोळ्या ताईच झाडणार होत्या. मी बोल्ट ओढून दिला आणि मागे सरलो. सावंत मोठ्याने मोजू लागले. पाच. सहा. सात. आठ. नऊ.

मग नुसता चापाचा बारीक आवाज.

ताईंनी मान वळवली नाही, रायफल तशीच समोर धरून ठेवली. मला फार वाईट वाटलं. स्प्रिंग माझी होती.

सावंत पुढे गेले. त्यांनी ताईंच्या हातून रायफल घेतली, मॅगझिन काढलं, बोल्ट ओढला. एक अख्खी, न उडालेली गोळी चटईवर पडली. ती आम्ही सगळ्यांनी पाहिली. सावंतांनी वाकून ती उचलली, डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

"दहा," ते म्हणाले. "रायफल राहील."

दिलीप तोंड उघडणार होता, मी त्याच्या पायावर पाय दिला.

ताईंनी कानावरचे मफ उतरवले आणि त्या सावंतांकडे वळल्या.

"सावंत, तुम्ही वजनमाप खात्यात होतात ना?"

"होतो," सावंत म्हणाले. "रिटायर झालो."