दुसऱ्या खुंटीवरचा चक्का

चक्का म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. दही फडक्यात बांधून खुंटीला टांगावे. पाणी गळून गेल्यावर जो घट्ट गोळा मागे राहतो, तो चक्का. त्यात साखर घोटली की श्रीखंड. झाशीतल्या आमच्या मराठी मंडळाचे किस्सेही असेच टांगलेले असतात. फरक इतकाच, की त्यांतले पाणी गळत नाही; सांगण्यागणिक वाढते! म्हणून विमलकाकूंच्या टोफूचे, म्हणजे सोयाबीनच्या दुधाच्या पनीराचे, किस्से मी लिहूनच ठेवतो.

काकूंना उतारवयात दूध सोसेना. डॉक्टरांनी दही, पनीर सारेच बंद केले. मंडळाच्या गणपतीत श्रीखंड वाढायला आले, की काकू वाटीवर हात ठेवत. तीन वर्षे त्यांनी तो हात ठेवला. चौथ्या वर्षी त्यांनी सोयाबीन भिजत घातले.

*

रतीब बंद झाला, तेव्हा दूधवाला भैया दारातच बसला.

"अम्माजी, ये सोयाबीन का दूध कौन-सी भैंस देती है?"

"वही, जिसमें पानी मैं खुद मिलाती हूँ!"

*

पहिला टोफू बिघडला. दूध खळखळ उकळत असतानाच काकूंनी लिंबू पिळले, वर पाटा ठेवला आणि त्या सिविल लाइंसमध्ये भजनाला गेल्या. परत येईतो विटेसारखा गोळा! नात रश्मीने तुकडा तोंडात टाकला.

"आजी, हे तर एकदम रबर झालंय, सच्ची!"

"विशीतले दात असून तक्रार करतेस? चाव!"

*

मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक. परका शब्द घरात घेण्यापूर्वी मी त्याची चौकशी करतो. काकूंना मी बजावले, "हा 'टोफू' माझ्या कोशात नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कोश मागून नेला. शब्द शोधणार असतील, या कल्पनेने मी सुखावलो. आठवड्याने कोश परतला तो फुगून. पाने दमट, पानापानाला सोयाबीनचा वास. टोफू दाबायला तेवढे जड आणि सपाट दुसरे काही त्यांना सापडले नव्हते! मी संतापलो.

"मास्तर, कोशात नव्हता ना? आता आहे!"

*

अप्पा हे मंडळाच्या स्वयंपाकघराचे मुखत्यार. गणपतीच्या बैठकीत काकूंनी टोफूची उसळ पंगतीत ठेवण्याची मागणी केली. अप्पा शांतपणे म्हणाले, "पंगतीत परंपरेने आलेलेच वाढले जाईल."

"मग बटाटा कुठल्या परंपरेने आला? मिरची? उपासाचा साबुदाणा?"

"विमल, वाद नको."

"वाद घालतेय कोण? मी करून आणणार. वाढायचे की टाकायचे, ते तुम्ही ठरवा!"

*

पंगतीच्या दिवशी मंडळाच्या स्वयंपाकघरात दोन खुंट्यांना दोन फडकी गळत होती. एकात अप्पांचे दही, दुसऱ्यात काकूंचा अजून दाबायचा राहिलेला मऊ टोफू. काकू दूर्वा निवडायला बाहेर गेल्या. सोवळ्यात असलेल्या अप्पांनी एक फडके उतरवले, साखर घोटली, केशर-वेलदोडा घातला. नैवेद्याआधी काही चाखायचे नाही, हा मंडळाचा नियम. अप्पांनी तो जन्मभर पाळला. त्या दिवशीही पाळला.

आरतीनंतर काकू आत डोकावल्या, खुंट्यांकडे पाहिले आणि पानावर येऊन बसल्या.

वाढता वाढता अप्पा त्यांच्यापाशी आले आणि सवयीने पुढे सरकले.

"अप्पा, मला राहिले."

"तुला चालत नाही."

"हे चालते. वाढा!"

वाटीवर हात नव्हता. अप्पांनी हातातल्या पातेल्याकडे पाहिले. मग दारातून दिसणाऱ्या, खुंटीवर अजून गळत असलेल्या फडक्याकडे. त्या फडक्याची गाठ त्यांची स्वतःची होती. पंगत थबकली. मी शेजारच्याच पानावर होतो. अप्पांनी वाटीत दोन चमचे वाढले. मग, कुणी न मागता, तिसरा.

आता सगळीकडे असे सांगतात, की वाढप आटोपून मागल्या पंगतीला बसलेल्या अप्पांनी न ओळखता तीन वाट्या श्रीखंड खाल्ले. हे चूक आहे. वाट्या तीनच, पण न ओळखता खाल्लेली त्यांत एकही नव्हे!