माझं पात्रच तसं हाय

दुसऱ्याची पाळी आली की धनंजय भाजक्या शेंगा फोडायचा. माईक बंद न करता. आधी टरफलाचा कट्ट आवाज, मग दाणे चघळल्याचा, मग बोटं चाटल्याचा. या सगळ्याच्या आड कुणीतरी जीव ओतून काही सांगत असायचं. स्वतःची पाळी आली की शेंगा थांबायच्या. वर तोच आम्हाला सांगायचा, "जरा शांतता ठेवा मंडळी." आजही शेजारी बसून कुणी शेंगा फोडू लागला तर मी उठून जागा बदलतो.

आम्ही पाच जण दर रविवारी दुपारी फोनवर जमून एक खेळ खेळायचो. एक काल्पनिक राज्य. त्यात प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि आपल्या पाळीला ते पात्र काय करतं, काय बोलतं ते सांगायचं. झटापट आली की फासा टाकायचा. पुढे काय घडलं ते सूत्रधार सांगणार, आणि जो आला नाही त्याला त्या दिवसाचं रेकॉर्डिंग पाठवणार. सूत्रधार मी. कराडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी काम करतो, म्हणून सगळे मला सर म्हणायचे. सांगलीचे दोन मावसभाऊ होते, वैभव आणि नितीन. मलकापूरची रुकसाना होती, तिचं शिवणकामाचं दुकान. आणि पंपाचे सुटे भाग बनवणारा, कुपवाडचा धनंजय.

खेळाच्या रीती साध्या होत्या. दुसऱ्याच्या पाळीत बोलू नये. दुसऱ्याचं पात्र आपण हलवू नये. जो आलेला नाही त्याच्या पात्राला हात लावू नये. धनंजयने त्यातली एकही पाळली नाही. रुकसाना बोलायला लागली की हा मध्येच, "थांब गं, तुला न्हाई कळायचं. तुझी चंद्रा माझ्या मागनं येती, झालं." चंद्रा म्हणजे तिचं पात्र, एक वैदीण. फासा आम्ही सगळे फोनवरच्या अ‍ॅपमध्ये, सर्वांना दिसेल असा टाकायचो. हा घरातला लाकडी फासा टाकायचा आणि आकडा तोंडी सांगायचा. एका दुपारी त्याला ओळीने इतक्या वेळा सहा पडले की नितीनने फोटो मागितला. "आवं, कुलदैवताची शपथ घिऊन सांगतोय!" धनंजय म्हणाला. कुलदैवताला एवढ्या खाली ओढलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

कुणी टोकलं की त्याचं एक ठरलेलं वाक्य असायचं. "माझं पात्रच तसं हाय, मी काय करू?" त्याचं पात्र चोराचं. म्हणून सोबत्यांना लुबाडणारं ते पात्र, शिव्या देणारं पात्र, रुकसानाला रडकुंडीला आणणारंही पात्रच. हा आपला नामानिराळा.

तरी त्याला कुणी हाकलत नव्हतं, कारण वैभवची आई सांगलीत दवाखान्यात होती तेव्हा चार दिवस घरचा डबा घेऊन गेला होता तो धनंजयच. त्याचा आवाजही असा भरदार, की गुहेतल्या अंधाराचं वर्णन त्याने करावं आणि भर दुपारी आम्ही अंग चोरून बसावं. किळस यायची आणि पुढच्या रविवारी त्याची वाटही पाहिली जायची.

एका रविवारी भाचीच्या लग्नामुळे रुकसाना आली नाही. त्या दिवशी धनंजयच्या चोराने चंद्राला दरोडेखोरांना विकलं आणि बदल्यात घोडा घेतला. बाजारात तिला कशी उभी केली, कुणी काय बोललं, हे त्याने रंगवून रंगवून सांगितलं. मी अडवलं नाही. पाळी त्याची होती, अशी मी माझी समजूत घातली.

पुढच्या रविवारी रुकसानाने विचारलं, "चंद्रा कुठाय?"

धनंजय म्हणाला, "इकली. घोडा लय देखणा व्हता गं."

मावसभाऊ हसले.

"दादा, मी नव्हते तिथं," ती म्हणाली. "चार महिने मी तिला सांभाळलं. तिची सगळी गोष्ट वहीत लिहून ठेवलीय."

"माझं पात्रच तसं हाय, मी काय करू?"

"आणि सर, तुमी? तुमी तर व्हता न्हवं तिथं?"

मी म्हणालो, "रुकसाना, खेळ आहे गं. चला, पुढे जाऊ." तिने फोन ठेवला. ती परत आली नाही.

दोन आठवड्यांनी मी कुपवाडला धनंजयच्या कारखान्यात गेलो. हे समोरासमोरच बोलायचं होतं. धनंजयने मला खुर्ची दिली, चहा मागवला. चहा आला तेवढ्यात कारखान्यातली एक बाई दारात येऊन उभी राहिली.

"दादा, उद्या माझी सकाळची पाळी लावलीसा. सकाळीच सासूच्या डोळ्याचं आपरेशन हाय. मला इचारायचं तरी."

"बाई, धंदाच तसा हाय," धनंजय म्हणाला, "मी काय करू?"

तोच सूर, तोच आवाज. चेहऱ्यावर तेच अर्धवट हसू, जे मी चार महिने नुसतं ऐकत होतो. कपातल्या चहावर साय धरली होती. कप तसाच ठेवून मी म्हणालो, "धनंजयराव, यापुढे तुम्ही खेळात नाही."

त्याला खरोखरच लागलं. "आवं सर, त्या पोरीसाठी मला काढताय? खेळच तर हाय!"

"खेळ आहे म्हणूनच. तिथे तुम्हाला कसलीच अडचण नव्हती. चांगलं वागायला काही मोजावं लागत नव्हतं. तरी तुम्ही हे केलंत."

तो टेबलावरच्या लोखंडी चकत्या एकावर एक रचू लागला. मग म्हणाला, "तुमी व्हता की तिथं." मी बाहेर पडलो. त्याची माझी ती शेवटची भेट.

त्याच आठवड्यात मी मलकापूरला रुकसानाच्या दुकानी गेलो. ती कापडावर खडूने खुणा करत होती. मी सांगितलं, धनंजयला काढलं, तू ये.

"काढलं ते बरं केलं," मान वर न करता ती म्हणाली. "पण मी न्हाई यायची. जो येत न्हाई त्याला तुमी रेकॉर्डिंग पाठवता न्हवं? मलाबी पाठवलं व्हतं. त्या रविवारी इचारायच्या आधी मी सगळं ऐकलं व्हतं, सर. तुमी काय बोलताय ते बघावं म्हणून इचारलं."

मी दुकानाबाहेर येऊन गाडीवर बसलो आणि तिथेच फोनवर ते रेकॉर्डिंग लावलं. धनंजयचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा हळू.

"सर, रुकसाना न्हाई आज. तिची चंद्रा इकली तर चालंल का?"

चार महिन्यांत त्याने पहिल्यांदाच कुणाला काही विचारलं होतं. त्यानंतर कुणाचं तरी हसणं, बराच वेळ चाललेलं. ते थांबल्यावर त्याच गळ्यातून शब्द आले.

"विका की. मजा येईल."

तो आवाज माझा होता.